वॉटर इंजेक्शनच्या टाकीत काय भरावं? सोलापुरात मिळणाऱ्या पाण्यांचा आणि अल्कोहोलचा आढावा

टर्बो गाडीला वॉटर इंजेक्शनचं, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेत पाण्याचा फवारा मारणारं, किट बसवताना पंप कुठला, नोझल किती मिलीचं, फवारा किती बूस्टला (टर्बोच्या दाबाला) सुरू करायचा यावर तासन्‌तास बोललं जातं. टाकीत काय ओतायचं हा विषय मात्र सगळ्यात शेवटी येतो आणि "पाणीच तर आहे" म्हणून दोन मिनिटांत मिटवला जातो. सोलापुरात तेवढ्यावर भागत नाही. इथलं पाणी जड आहे, उन्हाळा 42-44 अंशांचा आहे, आणि परदेशातल्या गाडीवाल्यांना जो द्रव कुठल्याही पेट्रोल पंपावर मिळतो तो इथे त्या रूपात मिळत नाही. म्हणून हा आढावा किटचा नाही, टाकीत जाणाऱ्या द्रवाचा आहे. बॅटरीच्या दुकानातलं पाणी, क्षार काढलेलं डीएम वॉटर, जारचं आरओ, नळ, बोअर, एसीचं पाणी आणि त्यानंतर मिथेनॉल, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), स्पिरिट, सगळ्यांना एकच कसोटी लावली आहे: द्रव उडून गेल्यावर मागे काय उरतं?

आधी हे बघू की पाणी करतं काय. टर्बो हवा दाबतो, दाबलेली हवा तापते, इंटरकूलर त्यातली काही उष्णता काढतो. भर उन्हात चढावर गाडी रेटली की इंटरकूलरही गरम होतो आणि इंजिन ठोकायला लागतं, म्हणजे आतलं मिश्रण अवेळी पेटून खटखट वाजतं. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, मग इग्निशन मागे घेतो (ठिणगी उशिरा पाडतो) आणि पिकअप जातो. अशा वेळी इनटेकमध्ये पाण्याचा धुक्यासारखा बारीक फवारा मारला, तर वाफ होताना ते पाणी उष्णता ओढून घेतं. 1 किलो पाण्याची वाफ होताना 100 अंशांना सुमारे 2,257 किलोज्यूल उष्णता शोषली जाते. मिथेनॉलचा हाच आकडा 1,100 च्या आसपास आहे, इथेनॉलचा 850 ते 900, पेट्रोलचा साधारण 350. शिवाय मिथेनॉल वजनाला हलकं, लिटरला 790 ग्रॅमच. तेव्हा त्याच नोझलमधून तेवढ्याच मिलीचा फवारा मारला, तर एकूण थंडाव्यात मिथेनॉल पाण्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. "मिथेनॉल टाकल्याशिवाय फरक पडत नाही" असं छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटतात. मिथेनॉलचे फायदे आहेत, ते पुढे येतील, पण थंडाव्याच्या हिशेबात पाणीच वरचढ आहे.

आता लागतं किती? 1.2 लिटरचं, 120 हॉर्सपॉवरच्या आसपासचं टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण ताकदीवर मिनिटाला साधारण 600 ते 650 मिली पेट्रोल घेतं. पाणी त्याच्या 12 ते 15 टक्के धरायचं, म्हणजे मिनिटाला 75 ते 95 मिली. 90 मिली धरलं तर 5 लिटरची टाकी सलग 55 मिनिटं फवारा चालला तरी पुरते. प्रत्यक्षात फवारा सलग चालतच नाही. तुळजापूरच्या घाटात किंवा पुणे हायवेवर ट्रक ओलांडताना, बूस्ट चढेल तेवढ्यापुरताच तो सुटतो. खप इतका कमी असल्यावर पाण्यात काटकसर करून काही हाती लागत नाही. चांगल्या पाण्याचं एक कॅन आठवडे चालतं, आणि वाईट पाण्याची एक टाकी नोझल घेऊन जाते.

नळ, बोअर आणि सॉफ्टनर

सोलापूर शहराला पाणी उजनीच्या पाइपलाइनमधून, भीमेवरच्या टाकळीहून आणि हिप्परग्याच्या तलावातून येतं. ते रोज येत नाही. मधल्या दिवसांत टाकीत बोअर आणि टँकर मिसळतो, त्यामुळे एकाच नळाचं पाणी या आठवड्यात एक आणि पुढच्या आठवड्यात दुसरंच असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 2,000 पर्यंत मुभा आहे. म्हणजे माणसाला चालणारं पाणी इंजिनाला चालेलच असं नाही.

हिशेब साधा आहे. टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार, 1,000 मिलिग्रॅम असलेलं 5 लिटर पाणी म्हणजे 5 ग्रॅम क्षार, चहाचा चमचाभर मीठ. दर टाकीमागे एवढं इनटेकमध्ये शिरतं. सगळं काही आत राहत नाही, बरंचसं सायलेन्सरमधून निघून जातं. पण उरलेलं जिथे बसतं त्या जागा महागाच्या आहेत: नोझलचं तोंड, प्लगचं पोर्सेलिन, एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट, टर्बोचं टर्बाइन, ऑक्सिजन सेन्सर. बोअरच्या पाण्यावर चाललेलं नोझल काढून उजेडात धरा. भोकाच्या कडेला पांढरी चंद्रकोर दिसते, नखाने खरवडली तर खडूसारखा चुरा पडतो. भोक अर्ध्या मिलिमीटरचं असतं, त्यामुळे एवढ्याशा चंद्रकोरीनेही फवारा एका बाजूला झुकतो आणि धुक्याऐवजी धार पडायला लागते. धारेची वाफ होत नाही. ती इनटेकच्या तळाशी ओहोळासारखी वाहते आणि एकाच सिलिंडरला सगळं पाणी जातं. तो सिलिंडर मिसफायर मारतो, बाकीचे कोरडे राहून ठोकतात. नळ आणि बोअर दोन्ही बाद.

सॉफ्टनरच्या पाण्याबद्दल मुद्दाम वेगळं लिहावं लागतं, कारण सोलापुरात ते सहज हाताशी येतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी-टॉवेलच्या कारखान्यांना, डाइंगवाल्यांना बॉयलर आणि रंगासाठी मऊ पाणी लागतंच. "आमच्या प्लँटचं पाणी घेऊन जा, एकदम सॉफ्ट आहे" म्हणून कुणीतरी प्रेमाने कॅन भरून देतो. सॉफ्टनर करतो एवढंच की कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम घालतो. साबणाला फेस येतो, बॉयलरमध्ये खपल्या धरत नाहीत, पण टीडीएस होता तेवढाच राहतो. इंजिनाच्या दृष्टीने ही अदलाबदल तोट्याची आहे, कारण तापलेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला आणि टर्बाइनला सोडियमचे क्षार कॅल्शियमपेक्षा जास्त खातात. त्याच कारखान्यात डीएम प्लँट असेल तर ते पाणी घ्यावं. मऊ पाणी आणि डीएम पाणी यात गल्लत करू नये.

जारचं आणि घरचं आरओ

आरओचा पडदा साधारण 90 ते 95 टक्के क्षार अडवतो. मूळ पाणी 300 टीडीएसचं असेल तर बाहेर 15 ते 30 येईल, ते अडीनडीला चालवून घेता येतं. मूळ पाणी बोअरचं, 1,200 टीडीएसचं असेल, तर त्याच मशीनमधून 60 ते 120 येतं. वर चवीसाठी बहुतेक घरगुती मशीनमध्ये टीडीएसचा एक छोटा स्क्रू असतो, तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. जारवाल्यांकडेही असं मिश्रण होतं. म्हणून "आरओ आहे" एवढ्यावर विश्वास ठेवू नका, टीडीएस मोजणारं पेन बुडवून आकडा बघा. 20 च्या आत असेल तर प्रवासात एखादी टाकी भरायला हरकत नाही. रोजच्या वापरासाठी आम्ही ते सुचवणार नाही.

एसीचं पाणी

मे महिन्यात प्रत्येक एसीखाली बादली असते आणि त्या पाण्याचा टीडीएस बहुधा कमीच दाखवतो, त्यामुळे मोह होतो. मुळात ती हवेतली वाफ थंड होऊन जमलेली आहे, क्षार तिच्यात नसतातच. पण ते पाणी धुळीने माखलेल्या अॅल्युमिनियमच्या पात्यांवरून आणि बुळबुळीत ट्रेमधून उतरतं. धुळीचे कण, कापसाची तूस आणि शेवाळासारखा चिकट थर त्यात येतो, आणि यातलं काहीच टीडीएस पेनला दिसत नाही. फिल्टर आठवड्यात चोंदतो, पंप जोर लावत राहतो आणि नोझलवर दाब पोचत नाही. बॅटरीच्या पाण्याला हा पर्याय म्हणून धरू नये.

बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर आणि डीएम वॉटर

आमची पसंती इथे आहे. कॅनवर "डिस्टिल्ड" लिहिलेलं असलं तरी बाजारातलं बरंचसं पाणी रेझिनमधून काढलेलं डीएम, म्हणजे क्षारमुक्त पाणीच असतं. इंजिनाला दोन्ही सारखीच. बॅटरीच्या पाण्यासाठी आयएस 1069 हे मानक आहे. त्याचा उल्लेख असलेलं, सीलबंद, 5 लिटरचं कॅन घ्या. पेन बुडवल्यावर 0 ते 5 दिसलं पाहिजे. 10 च्या वर गेलं तर ते कॅन परत द्या.

सुटं पाणी घेताना मात्र दोन ठिकाणी फसगत होते. एक म्हणजे ॲसिड. बॅटरीच्या दुकानात पातळ गंधकाम्लाची कॅनही तशीच पांढरी असतात, आणि गिऱ्हाईक बोलताना दोन्हींना "बॅटरीचं पाणी" म्हणतं. जुन्या ॲसिडच्या कॅनमध्ये पाणी भरून दिलं तरी तळाचा अंश पुरेसा घातक असतो. डोळ्यांना चष्मा लावून चमचाभर पाणी काचेच्या वाटीत घ्या आणि त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. सूं करून फेस आला तर ते टाकीजवळही नेऊ नका. फेस आला नाही तरी टीडीएस बघायचाच, कारण अगदी थोडं ॲसिडही पेनवर शेकड्यांत आकडा दाखवतं.

दुसरी फसगत सिलिकाची. चिंचोळी एमआयडीसीसारख्या ठिकाणच्या कारखान्यांत डीएम प्लँट असतात आणि पाणी उत्तम असतं, पण रेझिन थकत आलं की सगळ्यात आधी सिलिका निसटतो. सिलिका वीज जवळजवळ वाहत नाही आणि टीडीएस पेन तर विजेच्या वहनावरच चालतं. पेन 3 दाखवेल आणि पाण्यात काच बनवणारा पदार्थ असेल. त्यासाठी ताटलीची चाचणी करा. घासून स्वच्छ केलेल्या स्टीलच्या ताटलीत चार चमचे पाणी मंद आचेवर पूर्ण आटू द्या. बोअरच्या पाण्याने कडेला पांढरं वर्तुळ उठतं. त्यावर लिंबाचा थेंब टाकला आणि बुडबुडे आले तर तो चुना. बुडबुडे आले नाहीत आणि बोटाला कचकच लागली तर सिलिका किंवा जिप्सम, आणि हे लिंबूसतानेही निघत नाही. चांगल्या डीएम पाण्याने ताटली होती तशी राहते, फार तर उष्णतेचा फिकट निळसर डाग दिसतो.

कंपन्यांनी स्वतः काय निवडलं तेही इथे बघण्यासारखं आहे. 2016 च्या बीएमडब्ल्यू एम4 जीटीएसमध्ये बॉशच्या तंत्राने वॉटर इंजेक्शन आलं, डिकीत 5 लिटरची टाकी आणि तिच्यात निव्वळ डिस्टिल्ड पाणी. अल्कोहोल नाही, तेल नाही.

डीएम पाण्याचा एक दोष सांगायला हवा. ते भुकेलं पाणी आहे. त्यात स्वतःचं काही नसल्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्ल होतं आणि साधं लोखंड, गॅल्वनाइज्ड फिटिंग, हलकं पितळ यांतून धातू ओढून घेतं. टाकी एचडीपीईची, नळी नायलॉन किंवा पीटीएफईची आणि जोड स्टेनलेसचे असतील तर काळजी नाही. पितळी नोझल चालतं, पण सहा महिन्यांनी बघा. पितळाचा रंग तांब्यासारखा लालसर व्हायला लागला की त्यातलं जस्त निघून चाललं आहे. बदलून टाका.

जे टाकीत कधीच जाऊ नये

इंटरनेटवर परदेशी मंडळी काच धुण्याचं निळं पाणी बिनधास्त टाकतात. थंडीत गोठू नये म्हणून त्यांच्याकडच्या त्या द्रवात मिथेनॉल असतं. आपल्याकडे थंडीचा प्रश्नच नाही, त्यामुळे काचेसाठी जे मिळतं ते बहुधा साबण, रंग आणि वास. साबणाचा फेस पंपात हवा धरतो, दाब वरखाली होतो आणि जळल्यावर सोडियमची राख उरते. काच धुण्याचीच टाकी वॉटर इंजेक्शनला वापरणार असाल, तर ती उतरवून फेस येणं थांबेपर्यंत धुवा, शेवटचे दोन हात डीएम पाण्याचे द्या.

बीएस 6 डिझेल गाड्यांमुळे डीईएफच्या (धूर स्वच्छ करायला लागणाऱ्या द्रवाच्या) 20 लिटरच्या बादल्या आता बहुतेक हायवे पंपांवर आहेत. त्यातलं पाणी शुद्ध असतं हे खरं, पण 32.5 टक्के युरिया असतो. पाणी उडालं की खडीसाखरेसारखे खडे नोझलमध्ये उरतात. कूलंट टाकू नये, त्यातलं ग्लायकोल आणि गंजरोधक जळून चिकट थर धरतात. कोविडच्या काळात उरलेलं सॅनिटायझरही नको. त्यात अल्कोहोल असलं तरी हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन असतं, जेलमध्ये तर घट्ट करणारा पदार्थही असतो. व्हॉल्व्हच्या मागे त्याचं डांबर होतं.

मिथेनॉल

ऑक्टेनच्या, म्हणजे न ठोकता जळण्याच्या, दृष्टीने मिथेनॉल उत्तम. ते लवकर उडतं, म्हणून इनटेकमधली हवा जागच्या जागी थंड करतं, तर पाण्याची बरीचशी वाफ सिलिंडरमध्ये गेल्यावर होते. ते स्वतः इंधनही आहे. रिमॅप करून, म्हणजे ईसीयूची सेटिंग बदलून, बूस्ट आणि इग्निशन वाढवलेल्या गाडीला पाण्यात मिसळून मिथेनॉल दिलं तर ताकद मिळते. 1962 च्या ओल्ड्समोबिल जेटफायर या अमेरिकी टर्बो गाडीत डिस्टिल्ड पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण कंपनीकडूनच येत होतं. कानपूरला एचएएलने बांधलेल्या अॅव्रो विमानांच्या डार्ट इंजिनांतही गरम दिवशी उड्डाणाची घटलेली ताकद भरून काढायला पाणी-मिथेनॉलच वापरलं जायचं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लढाऊ विमानं जे एमडब्ल्यू 50 वापरत, ते निम्मं मिथेनॉल, निम्मं पाणी आणि त्यात अर्धा टक्का गंजरोधक तेल असं होतं, आणि तेही एका वेळी फार तर दहा मिनिटं.

तरीही रोजच्या गाडीला आम्ही मिथेनॉल सुचवत नाही. पहिलं कारण माणसाचं आहे. मिथेनॉल शरीरात गेल्यावर त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं आणि ते डोळ्यांच्या नसा मारतं. अगदी 10 मिली पोटात गेलं तरी दृष्टी जाऊ शकते. 2015 मध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभरावर माणसं गेली. महाराष्ट्रात ते विषविषयक नियमांत येतं, विकायला आणि बाळगायला परवाना लागतो. बिलाशिवाय, पाण्याच्या बाटलीत सुटं मिळणारं मिथेनॉल घेणं बेकायदा तर आहेच, शिवाय ती बाटली घरात कुणाच्या हाती लागेल याचा भरवसा नाही.

दुसरं कारण आपला उन्हाळा. मिथेनॉल 64.7 अंशांना उकळतं. त्याची वाफ 11-12 अंशांनाच पेट घेण्याजोगी होते, निम्मं पाणी घातलं तरी ही मर्यादा 30 च्या आसपासच राहते. म्हणजे मे महिन्यातल्या सोलापुरात 50:50 मिश्रण दिवसभर ज्वालाग्राहीच असतं. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत कॅन फुगतं, झाकणातून वाफ सुटते. मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही, हात भाजल्यावरच आग लागल्याचं कळतं. टाकी प्रवाशांच्या जागेत नको, टाकीची वाफ सोडणारी नळी गाडीबाहेर काढलेली हवी, आणि गाडीत पावडरचं अग्निशामक हवं.

तिसरं कारण शुद्धतेचं. औषधी कारखान्यांतून परत मिळवलेलं मिथेनॉल स्वस्तात फिरत असतं. त्यात आधीच्या प्रक्रियेतले इतर सॉल्व्हंट, क्लोराइड, अमाइन राहिलेले असू शकतात. क्लोराइड अॅल्युमिनियमच्या इनटेकला आणि स्टेनलेस नोझललाही खातं. घ्यायचंच तर 99.85 टक्के शुद्धतेचं नवं मिथेनॉल, परवानाधारकाकडून, चाचणीच्या कागदासह घ्यावं.

या सगळ्याची तयारी असेल, तर मिश्रण आकारमानाने 30 टक्क्यांपुरतं ठेवा. 10 लिटरसाठी 7 लिटर डीएम पाणी आणि 3 लिटर मिथेनॉल. मोजमाप भांड्याने करण्यापेक्षा काट्यावर करा: 7 किलो पाणी, 2.37 किलो मिथेनॉल. वजन केल्याने उन्हाने फुगलेल्या द्रवाची चूक येत नाही. दोन्ही मिसळल्यावर मिश्रण थोडं गरम होतं आणि आकसतं. 5 लिटर अधिक 5 लिटर केलं तर 10 भरत नाही, 9.65 च्या आसपास भरतं. त्यामुळे "10 लिटरच्या खुणेपर्यंत पाणी भर" ही पद्धत चुकीची. तयार मिश्रण तपासायला हायड्रोमीटर चालतो: 20 अंशांना 30 टक्क्यांचं 0.958 आणि 50 टक्क्यांचं 0.927 दाखवतं. काम उघड्यावर, सावलीत करा. ब्युटाइल रबरचे मोजे वापरा. पातळ नायट्राइल मोज्यांतून मिथेनॉल लवकर झिरपतं, ते ओले झाले की ताबडतोब बदला.

पंपाचं सील काय आहे हे मिश्रण करण्याआधीच विचारा. ईपीडीएमचं सील पाणी आणि मिथेनॉल दोन्ही सोसतं, तेलाने मात्र फुगतं. म्हणूनच एमडब्ल्यू 50 ची नक्कल करत लेथवरचं दुधासारखं पांढरं होणारं सोल्युबल ऑइल टाकीत घालणं अंगाशी येतं. गंज थांबतो न थांबतो, तोच पंपाचा पडदा सैल पडतो. पारदर्शक पीव्हीसी नळी मिथेनॉलने कडक होऊन जोडाशी तडकते. अॅक्रिलिकची सुंदर दिसणारी टाकीही अल्कोहोलने चिरते.

मिथेनॉलमुळे ट्यूनिंगवर परिणाम होतो हे फार जण विसरतात. 1 किलो पेट्रोल जाळायला 14.7 किलो हवा लागते, मिथेनॉलला 6.4 किलो पुरते. फवारा सुरू झाला की मिश्रण रिच होतं (इंधन जास्त, हवा कमी) आणि त्या हिशेबाने पेट्रोल कमी केलं जातं. मग टाकी संपली किंवा नोझल चोंदलं, तर त्याच क्षणी इंजिन लीन होतं (इंधन कमी, हवा जास्त) आणि बूस्ट मात्र तेवढाच असतो. पिस्टनची कड वितळायला काही सेकंद पुरतात. निव्वळ पाण्याच्या टाकीत इंधन नसतं, त्यामुळे पाणी संपलं तर इंजिन ठोकेल, पण लीन होणार नाही, आणि कंपनीच्या मॅपवरची गाडी इग्निशन मागे घेऊन स्वतःला सांभाळते. जेटफायरचे पुष्कळ मालक टाकी भरायलाच विसरायचे. त्या गाडीत टाकी संपली की बूस्ट आपोआप कमी व्हायचा, म्हणून इंजिनं वाचली. आपल्या किटमध्येही लेव्हल स्विच आणि फ्लो सेन्सर हवेत, आणि दोघांपैकी कुणीही ओरडलं तर बूस्ट खाली आला पाहिजे. नुसता लाल दिवा पुरत नाही.

आयपीए आणि स्पिरिट

आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए, हाताळायला मिथेनॉलपेक्षा पुष्कळ सुरक्षित आहे आणि मिळतंही सहज. थंडावा कमी देतं, पेट मात्र तितकाच घेतं. 99 टक्क्यांचं घेऊन 20-25 टक्के मिसळलं तर चांगलं चालतं. अल्कोहोल हवंच असेल तर आमची दुसरी पसंती हीच. दवाखान्यातलं 70 टक्क्यांचं घेऊ नका, उरलेलं 30 टक्के पाणी कुठलं ते कळत नाही.

सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांचा आहे, डिस्टिलऱ्या आजूबाजूला आहेत, त्यामुळे इथेनॉल सहज मिळेल असं वाटतं. ते राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या कडक हिशेबात असतं आणि परमिटशिवाय हलत नाही. हार्डवेअरच्या दुकानातल्या पॉलिशच्या स्पिरिटमध्ये पिण्यायोग्य राहू नये म्हणून दुर्गंधीचे आणि रंगाचे घटक मिसळलेले असतात, ते इंजिनात नेऊ नयेत. तसंही आता पंपावरच्या ई20 पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल येतंच. अल्कोहोलचा जो काही फायदा साध्या गाडीला हवा, त्यातला मोठा भाग पेट्रोलमधूनच मिळतो. टाकीत पाणी ठेवायला हे आणखी एक कारण.

डिझेलवाल्यांसाठी थोडक्यात: निव्वळ डीएम पाणी. एक्झॉस्टचं तापमान उतरतं, चढावर लोड असताना त्याचाच उपयोग आहे. डिझेलमध्ये मिथेनॉल जास्त झालं तर ते स्वतःच्या वेळेला पेटतं आणि इंजिन लोखंडावर घण घातल्यासारखं वाजतं. डीईएफचं आणि पाण्याचं झाकण जवळजवळ असेल तर दोन्हींवर मोठ्या अक्षरात लिहा.

चुकीचं पाणी आधीच गेलं असेल तर

टाकी रिकामी करा, डीएम पाण्याने दोनदा खळखळा, फिल्टर नवा टाका. नोझल काढून अर्धा लिटर कोमट पाण्यात 25 ते 50 ग्रॅम लिंबूसत घालून त्यात अर्धा तास बुडवा, मग डीएम पाण्याने धुवा. सुई किंवा तार भोकात घालू नका, भोक ओरखडलं की फवारा कायमचा बिघडतो. लिंबूसताने न निघणारा थर सिलिकाचा, तेव्हा नोझल बदलणंच स्वस्त. नंतर नोझल मोकळंच मोजपात्रात धरून पंप एक मिनिट पूर्ण दाबाने चालवा आणि मिली लिहून ठेवा. 90 मिलीचं नोझल 80 च्या खाली गेलं तर ते पुन्हा चोंदतंय, 100 च्या वर गेलं तर झिजलंय. दर तीन महिन्यांनी हाच आकडा घ्या. पावसाळ्यात गाडी फक्त शहरात, पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्यांत फिरत असेल तर त्याच वेळी ऑइलचं झाकण उघडून बघा. आतून पिवळसर मलई दिसली, तर फवारा फार लवकर सुरू होतोय. सुरुवातीचा बूस्ट 0.5 बारवरून 0.7 वर न्या, आणि इंजिन पूर्ण तापेपर्यंत पंप बंद राहील अशी तापमानाची अट कंट्रोलरमध्ये घाला.